घर हेच कार्यस्थळ : माप, वेळ आणि जागा

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथे सकाळी अकराच्या सुमारास एखाद्या वस्तीतून फेरफटका मारला, तर घरे निवांत दिसतात. नोकरदार मंडळी कामावर गेलेली असतात, मुले शाळेत असतात. ही शांतता मात्र वरवरची आहे. एका घरातून शिलाई यंत्राचा आवाज येत असतो व दारावर 'फॉल-बिडिंग करून मिळेल' अशी पाटी असते. दुसऱ्या घरी एखादा तरुण संगणकावर पुण्याच्या कंपनीचे काम करीत असतो. तिसऱ्या घरी स्पर्धा परीक्षेची तयारी चाललेली असते. दुपारनंतर अंगणवाडीचे काम आटोपून आलेली सेविका आपली राहिलेली माहिती घरीच भरते आणि परीक्षेच्या दिवसांत शिक्षकांच्या घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. सावंगी, बोरगाव व सिंदी या 'मेघे' नावाच्या इतर गावांप्रमाणे पिपरीही आता नावाने गाव आणि रूपाने उपनगर झाली आहे. येथे घरी बसून केले जाणारे काम थोडेथोडके नाही. तथापि, त्याचा विचार 'काम' म्हणून क्वचितच होतो.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा 'घरून काम' हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी आला. त्यापूर्वी घरी बसून काम करणारे कोणी नव्हतेच, असा समज त्यामुळे झाला. कार्यालयीन कर्मचारी व शिक्षक यांना त्या महिन्यांत एक नवीन अनुभव आला. घरी वेळ भरपूर असूनही काम पुढे सरकत नाही, दिवस संपतो तरी काम संपत नाही आणि केलेल्या कामाचे समाधानही मिळत नाही. अनेकांनी त्याचा दोष स्वतःच्या आळसाला दिला. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. घरी काम व्यवस्थित होणे ही मुख्यतः मनोनिग्रहाची बाब नाही. कामाला निश्चित माप, ते सुपूर्द करण्याची निश्चित वेळ आणि घरच्यांनी मान्य केलेली जागा, हे तीन आधार असतील तर सामान्य मनाचा मनुष्यही घरी उत्तम काम करतो. ते नसतील तर निश्चयी मनुष्यही थकतो. हे सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. पुरावा वर्धा जिल्ह्यातच आहे.

तार, लटी आणि गुंडी

घरी बसून करावयाच्या कामाची या देशातील सर्वांत मोठी संघटित चळवळ म्हणजे चरख्याची चळवळ. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली. १९३४ च्या डिसेंबरमध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेवर त्याचे काम सुरू झाले व त्या जागेस मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ 'मगनवाडी' हे नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे मंत्री होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही तेथे आहे. शाळांच्या सहली तेथे येतात, मुले चरख्याचे निरनिराळे प्रकार पाहतात व पुढे जातात. चरख्याबरोबर मोजणीची जी पद्धती होती, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

चार फूट सूत म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडीत सुमारे ८५३ यार्ड सूत बसे. या मापाचे महत्त्व असे की, कातणाऱ्याला आपण किती वेळ बसलो हे सांगावे लागत नसे. त्याने किती कातले हे सांगितले की पुरे. मध्ये चूल पेटवावी लागली, मूल रडले, पाहुणा आला, तरी हातातील लटी तेवढीच राहते. परत येऊन बसल्यावर पुढचा तार कोठून मोजावयाचा हे ठाऊक असते. घरातील काम हे तुकड्यांतुकड्यांनीच होते. म्हणून त्याचे मापही लहान तुकड्यांचे असावे लागते. 'आज दिवसभर अभ्यास करीन' किंवा 'आज सगळे अहवाल संपवीन' या संकल्पात हा गुण नाही. दुपारी एक वाजता व्यत्यय आला की असा संकल्प संपूर्णच मोडतो.

आश्रमात याला आणखी एक जोड होती. सायंप्रार्थनेच्या वेळी हजेरी घेतली जाई व आपले नाव येताच त्या दिवशी किती तार कातले हा आकडा प्रत्येकाने सांगावयाचा असे. कमी आकडा सांगणाऱ्यास शिक्षा नव्हती, परंतु आकडा चारचौघांत सांगावा लागे. एकट्याने केलेल्या कामाला दिवसातून एकदा समाजासमोर आणण्याची ही साधी व्यवस्था होती. घरी काम करणाऱ्याला सर्वांत जास्त उणीव भासते ती याच गोष्टीची. कार्यालयात कोणी विचारो अथवा न विचारो, शेजारच्या टेबलावरचा माणूस पाहत असतो. घरी कोणीच पाहत नाही.

तथापि, केवळ माप ठरवून दिल्याने काम होते असे नाही, हेही त्याच चळवळीने दाखवून दिले. १९२४ च्या डिसेंबरमध्ये बेळगाव येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. काँग्रेसच्या सभासदाने दरमहा २,००० यार्ड सूत वर्गणी म्हणून द्यावे, असे तेथे ठरले. स्वतः कातण्याची इच्छा नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत द्यावे, अशी सवलतही ठेवण्यात आली. या सवलतीतच त्या नियमाचे भवितव्य होते असे म्हणावे लागेल. वर्षही पुरे होण्यापूर्वी, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे, सुताऐवजी चार आणे वर्गणी देण्याचा पर्याय पुन्हा खुला करण्यात आला. ज्याला कामाचे प्रयोजन पटलेले नाही, त्याच्यासाठी माप हा एक रकाना होऊन बसतो व रकाना कसाही भरता येतो. आपल्या कार्यालयांतील मासिक प्रगती अहवाल पाहणाऱ्यांना याचा अधिक खुलासा करण्याची गरज नाही.

बापूकुटीतील कामकाज

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. तेथील कुटीस भेट देणारे लोक तिच्या साधेपणाने भारावून जातात. परंतु एका दृष्टीने ती देशातील अत्यंत कामाची घरातील कचेरी होती. बैठक जमिनीवर, समोर उतरते लहान मेज, हाताशी मोजक्या वस्तू. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. व्हाइसरॉयशी संपर्क राहावा म्हणून पुढे तेथे दूरध्वनीही बसविण्यात आला. भेटीला येणाऱ्यांची रीघ, आजाऱ्यांची शुश्रूषा, आश्रमातील भांडणे हे सारे त्याच आवारात चाले. पत्रे व लेखही तेथूनच जात.

हे कसे साधत असे? पहाटे चारच्या घंटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस ठरलेला होता. कमरेला लावलेले घड्याळ ही गांधीजींची ओळख होऊन बसली होती. परंतु त्यापेक्षा बोधप्रद गोष्ट सोमवारच्या मौनाची आहे. त्यामागे आध्यात्मिक हेतू होता हे खरेच. पण त्याचा व्यावहारिक परिणाम असा की, आठवड्यातून एक दिवस त्यांना कोणी बोलण्यात गुंतवू शकत नसे आणि लिखाणाला सलग वेळ मिळे. ज्याचे दार सर्वांना उघडे आहे, त्याने ते केव्हा बंद राहील हे आधी जाहीर केले, तर कोणी रागावत नाही. न सांगता बंद केलेले दार मात्र अपमानास्पद वाटते. आपल्या घरातही नेमके हेच घडते.

या व्यवस्थेची एक बाजू सांगितली जात नाही, ती येथे नोंदविली पाहिजे. गांधीजी शेगावला गेले, तरी त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई प्रारंभी मगनवाडीतच राहत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात ते मगनवाडी ते शेगाव हे अंतर रोज पायी जात व पायीच परत येत. एकाच्या घरातील शिस्तबद्ध कामकाजाचा भार पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी पायांवर असतो. आज घरी बसून निवांतपणे काम करणाऱ्या पुरुषाच्या टेबलावर वेळेवर चहा येतो, तेव्हा तो कोण आणते हा प्रश्न विचारावयास हरकत नाही. तीच स्त्री जर घरी शिवणकाम करीत असेल, तर तिच्या टेबलावर चहा येत नाही.

सात भगिनी आणि ८० रुपये

घरी काम करणाऱ्या स्त्रियांना हे तीनही आधार एकत्र कसे देता येतील, याचे उत्तर मुंबईने १९५९ साली दिले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने ही संस्था पुढे देशभर पसरली. १९६६ साली तिला खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

या संस्थेच्या यशाची कथा पुष्कळदा सांगितली जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. सभासद भगिनी सकाळी शाखेत येते, आदल्या दिवशी लाटलेले पापड देते, त्याची मजुरी घेते आणि त्या दिवसाचे मळलेले पीठ घेऊन घरी जाते. पापड घरी लाटले जातात, परंतु कामाचा आरंभ व शेवट घराबाहेर होतो. रोज सकाळी काहीतरी हातात घेऊन जावयाचे आहे, या एका गोष्टीने आदल्या दिवसाची घडी बसते. तपासणी तेथेच होते, म्हणून चूक आठवडाभर साचत नाही. शिवाय चार बायका भेटतात, बोलतात. पीठ देण्यापूर्वी भगिनीच्या घरी पापड वाळविण्यास पुरेशी व स्वच्छ जागा आहे की नाही हेही पाहिले जाते. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना शाखेतील पीठ मळणे, पाकिटे भरणे अशी कामे मिळू शकतात. घराची पाहणी ही वरकरणी जाचक वाटेल. पण तिच्यामुळे एक गोष्ट घडते. घरातील अमुक कोपरा कामाचा आहे, हे त्या घरातील सर्वांना समजते.

मजुरीचा प्रश्न

उत्साह टिकत नाही अशी तक्रार होते, तेव्हा मोबदल्याकडे पाहण्याची रीत आपल्याकडे कमी आहे. विनोबांनी ती नालवाडीत पाडली. वर्ध्याजवळच्या या वस्तीत राहत असताना त्यांनी दिवसाचे सुमारे आठ तास सूत कातून, त्याच्या मजुरीवरच उदरनिर्वाह करण्याचा प्रयोग केला. कातणाऱ्या स्त्रीला जे मिळते त्यात पोट भरते काय, हे त्यांना स्वतःच्या शरीरावर पाहावयाचे होते. पोट भरत नाही, हे उत्तर मिळावयास फार काळ लागला नाही. त्याच सुमारास, १९३५ साली, गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कताईची मजुरी वाढविण्याचे धोरण स्वीकारले. खादी महाग होईल, खप घटेल, असे आक्षेप आले. तरीही ते धोरण रेटण्यात आले.

घरी केलेल्या कामाची मजुरी कमी असण्याचे एक कारण असे की, जागा, वीज, दिवा व हत्यारे यांचा खर्च काम करणाराच करतो, पण तो कोठे लिहिला जात नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्रीय कायदा झाला व त्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. ही मोठी गोष्ट होती. भंडारा-गोंदिया व सोलापूर भागांत ज्यांनी हा व्यवसाय पाहिला आहे, त्यांना हजारी विड्यांचा हिशेब, पान-तंबाखूचे वाटप आणि नापास विड्यांवरून होणारी वादावादी परिचित असेल. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी मोठी वसाहत उभी राहिली. तेथेच विडी कामगारांसह असंघटित कामगारांसाठी उभारलेल्या रेनगरमधील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये सुपूर्द करण्यात आली. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने घर हाच कारखाना असल्यामुळे, अशा गृहयोजनेकडे केवळ निवाऱ्याची योजना म्हणून पाहणे अपुरे आहे. घरी काम करणाऱ्यांसंबंधी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केलेला करार भारताने स्वीकारलेला नाही. मात्र सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गृहाधारित कामगाराची व्याख्या समाविष्ट आहे.

पिपरी मेघेतील घर

आता पुन्हा आपल्या गावाकडे वळू. येथील प्रश्न मगनवाडीच्या काळापेक्षा निराळे दिसले, तरी त्यांची जात तीच आहे. शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीने लेखकास सांगितले, "घरीच असते ना, म्हणून कोणीही काम सांगते, भाऊ. सिलिंडर आला तर मी, पाहुणा आला तर मी, शेजारच्यांचा मुलगा शाळेतून आला तर चावी माझ्याजवळ." तिला कामाचा कंटाळा नव्हता. तिचे काम हे काम आहे, हे कोणी मान्य केले नव्हते. पुढे तिने एक उपाय केला. ग्राहकांनी कपडे देणे-नेणे सायंकाळी पाच ते सात या वेळेतच करावे, अशी पाटी दाराला लावली. पाटी ग्राहकांसाठी होती, पण ती घरच्यांनीही वाचली. दुपारची वेळ तिला आपोआप मिळू लागली. सोमवारच्या मौनाचेच हे घरगुती रूप म्हणता येईल.

विदर्भाच्या हवामानाचा विचार न करता केलेले वेळापत्रक येथे टिकत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत दुपारी एक ते पाच या वेळेत बौद्धिक काम करण्याचा हट्ट धरणे म्हणजे स्वतःला अपयशी ठरविण्याची तयारी करणे होय. कूलर लावला तरी त्याच्या आवाजात दूरध्वनीवरील बोलणे नीट ऐकू येत नाही, आणि वीज गेली की तोही बंद पडतो. शेतकरी उन्हाळ्यात पहाटे कामाला लागतो व दुपारी सावलीत बसतो. घरी काम करणाऱ्या कारकुनाने किंवा विद्यार्थ्याने त्याचे अनुकरण करण्यात कमीपणा नाही. पहाटे पाच ते नऊ हे चार तास हिशेबाचे, लेखनाचे, अवघड अभ्यासाचे. दुपार ही जुळवाजुळव, गठ्ठे लावणे, विश्रांती यांची. पावसाळ्यात व हिवाळ्यात हे बदलावे. एकच वेळापत्रक वर्षभर चालवावे असा नियम कार्यालयाचा असतो, घराचा नव्हे.

जागेविषयी पुष्कळांची अशी समजूत असते की, स्वतंत्र खोली नसेल तर काही होऊ शकत नाही. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र खोली कोठून येणार? परंतु ठरलेली जागा व स्वतंत्र खोली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक सतरंजी व एक पेटीही पुरते. सतरंजी अंथरली की काम सुरू, गुंडाळून पेटी बंद केली की काम संपले. काम संपल्याची ही खूण विशेष महत्त्वाची आहे. टाळेबंदीच्या काळात शिक्षकांना रात्री दहा वाजताही पालकांचे दूरध्वनी येत आणि संदेश तर मध्यरात्रीपर्यंत येत. काम घरात शिरले, पण त्याला बाहेर जाण्याचा दरवाजा ठेवला गेला नाही. ज्या कामाला शेवट नाही, ते उद्या सकाळी सुरू करण्याची इच्छा होत नाही. पुष्कळदा आळस म्हणून ज्याची संभावना होते, तो हा थकवा असतो.

नोंदीसाठी शाळकरी वही पुरे. तिच्यात सकाळी वेळ लिहू नये, तुकडे लिहावेत. उत्तरपत्रिका असतील तर पंधरा-पंधराचे गठ्ठे. अहवाल असेल तर अमुक तक्ता. अभ्यास असेल तर अमुक प्रकरणातील अमुक प्रश्न. झालेल्या तुकड्यासमोर खूण करावी. काही दिवसांनी वही आपल्याविषयी जे सांगते ते बहुधा आपल्या अंदाजापेक्षा निराळे असते. प्रस्तुत लेखकाने निवृत्तीनंतर अशी वही ठेवली, तेव्हा दिवसाला आठ तास लिखाण करतो हा त्याचा समज होता. वहीप्रमाणे खरे लिखाण अडीच तासांचे निघाले. उरलेला वेळ कागद शोधण्यात व वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा उघडण्यात गेला होता.

ग्रामपंचायतीने काय करावे

घरातील माप व वेळ ज्याची त्याने ठरवावी. परंतु काम सुपूर्द करण्याचे ठिकाण एकट्याला निर्माण करता येत नाही. तेथे पंचायतीचे व शासकीय यंत्रणेचे काम सुरू होते. गावात समाजमंदिर असते, शाळेच्या खोल्या सायंकाळी रिकाम्या असतात, काही ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालय असते. यांपैकी एखादी जागा सकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून व सायंकाळी एक तास घरी काम करणाऱ्या स्त्रियांच्या भेटीसाठी उघडी ठेवण्यास मोठा निधी लागत नाही. किल्ली कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल आणि झाडलोट कोण करील, एवढे मात्र आधी ठरवावे लागते. बहुतेक अभ्यासिका पुस्तकांच्या अभावी नव्हे, तर किल्लीच्या घोळामुळे बंद पडलेल्या दिसतात.

महिला आर्थिक विकास महामंडळ व 'उमेद' अभियान यांच्या बचत गटांची बैठक हे असेच एक तयार ठिकाण आहे. सध्या तेथे बचत व कर्जफेड यांचा हिशेब होतो. त्याच बैठकीत प्रत्येकीने आठवड्यात किती ब्लाउज शिवले, किती किलो शेवया केल्या, किती माल परत आला हेही सांगितले, तर आश्रमाच्या सायंप्रार्थनेतील आकड्याचे काम ती बैठक करील. ग्रामसेवकांनी व गट समन्वयकांनी त्यासाठी नवीन नमुना तयार करण्याचा मोह टाळावा. बोलून सांगणे पुरेसे आहे.

ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. घरी बसून उत्पन्न मिळविणाऱ्या स्त्रियांची नोंद सर्वेक्षणात 'गृहिणी' अशीच होते व मग त्यांच्या कामासाठी वीज, पाणी, जागा मागण्यास आधार राहत नाही. पुढील महिला सभेत वॉर्डवार एवढेच विचारावे : कोणाच्या घरी कोणते काम चालते, ते कोणत्या वेळी चालते, आणि त्या वेळेत नळ येतो की नाही. पिपरी मेघेसारख्या वाढत्या वस्तीत या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाणीपुरवठ्याची वेळ ठरविणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, कारण नळ येतो त्या वेळी शिलाई यंत्र बंद ठेवून उठावे लागते ते त्या भगिनीलाच.